सुगंध कुणाला शोभतो?

मराठीत 'शोभणं' हे मोठं गमतीचं क्रियापद आहे. साडी शोभते, दागिना शोभतो, आणि वडील 'हे तुला शोभत नाही' म्हणाले की प्रश्न साडीचा किंवा दागिन्याचा राहत नाही. छान काय दिसतं आणि योग्य काय आहे, ही दोन वेगळी खाती आपण एकाच मंत्र्याकडे देऊन टाकली आहेत. दोन खाती एकाकडे असली की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच. एका खात्याचा निर्णय दुसऱ्या खात्याच्या शिक्क्यानिशी बाहेर पडतो!

हा विचार डोक्यात आला तो परफ्यूममुळे. आमच्या घरी सध्या एका गोड, फुलांच्या वासाच्या परफ्यूमवरून बरीच चर्चा झाली आहे. मी व्यवसायानं आयटीतला माणूस, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची 'रिक्वायरमेंट' नीट लिहून काढल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून प्रश्न असा मांडतो: एखादा सुगंध एखाद्या प्रकारच्या माणसाला शोभतो, असं म्हणण्याला काही अर्थ आहे का? आणि असेल, तर ते ठरवायचं कुणी?

हल्ली 'युनिसेक्स' म्हणजे स्त्री-पुरुष दोघांसाठी असलेल्या परफ्यूमची चलती आहे. त्यातलं एक गाजलेलं नाव म्हणजे 'बक्कारा रूज 540'. बक्कारा ही फ्रान्समधली काचसामानाची जुनी कंपनी. तिला 2014 साली 250 वर्षं पूर्ण झाली, त्या निमित्तानं फ्रान्सिस कुर्कजियान या सुगंधकारानं हा परफ्यूम केला आणि 2015 मध्ये तो बाजारात आला. त्यात जाई आहे, केशर आहे, देवदाराच्या जातीचं लाकूड आहे आणि वर जळत्या साखरेसारखा गोडवा. जाई आणि केशर म्हणजे आपल्या दृष्टीनं परडी आणि श्रीखंड! बाटलीवर 'पुरुषांसाठी' किंवा 'स्त्रियांसाठी' असं काही लिहिलेलं नाही. किंमत ऐकून मात्र बाटली दोन्ही हातांनी, अलगद, जागच्या जागी ठेवावीशी वाटते.

अशा परफ्यूमबरोबर माणसाचं वर्णनही मिळतं. जाहिरातींत आणि दुकानातल्या विक्रेत्यांच्या तोंडी ते साधारण असं असतं: 'आत्मविश्वास असलेल्या पण मनानं हळव्या, चारचौघांत रमणाऱ्या पण एकांतही जपणाऱ्या, स्वतंत्र विचारांच्या व्यक्तीसाठी.' वाचता वाचता आपण मान डोलावतो. अरेच्चा, हे तर आपलंच वर्णन!

ही मान का डोलते, त्याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. 1948 साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं वैयक्तिक विश्लेषण' म्हणून एक कागद दिला. ते आपल्याला किती लागू पडतं याला शून्य ते पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी निघाली 4.26. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं बव्हंशी राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. रविवारच्या पुरवणीतलं साप्ताहिक भविष्य वाचून 'माझं अगदी बरोबर येतं हो' म्हणणारे काका-मावशी आपल्या सगळ्यांच्या घरी आहेत. परफ्यूमचं वर्णन त्याच जातकुळीतलं. ते इतकं सैल शिवलेलं असतं की कुणाच्याही अंगात बसतं.

पण म्हणून गंधाचा आणि माणसाचा काहीच संबंध नाही, असं म्हणून मोकळं होता येत नाही. आजीच्या ट्रंकेतल्या वाळ्याचा वास आला की आजी आठवते, म्हणजे संबंध आहेच. मात्र तो सहवासानं तयार झालेला असतो. आजी वाळा वापरायची म्हणून तो वास आजीचा झाला. तिनं चंदन वापरलं असतं तर आपण चंदनालाच 'आजीचा वास' म्हटलं असतं.

आता स्त्री-पुरुषांचा मुद्दा घेऊ. गंधाला लिंग असतं का? आपल्याकडे याचा विचार फार बारकाईनं झालेला आहे. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हा न्यायशास्त्राचा प्राथमिक ग्रंथ. त्यात गुणांची वर्गवारी आहे: रंग सात, रस सहा, स्पर्श तीन, आणि गंध? फक्त दोन! सुरभि आणि असुरभि, म्हणजे चांगला आणि वाईट. डेटाबेसमध्ये या कॉलमला दोनच व्हॅल्यू. पुरुषी आणि बायकी अशी तिसरी-चौथी व्हॅल्यू टाकायची गरज त्या काटेकोर मंडळींना वाटली नाही. गंध हा पृथ्वीचा गुण, असं ते मानत. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीपासून पहिल्या पावसाचा वास देणारं अत्तर काढतात, ते हुंगताना हे तत्त्वज्ञान नाकालाही पटतं. मातीला कुठलं आलंय लिंग?

आपल्या परंपरेत सुगंध हे शास्त्र होतं आणि ते पुरुषांनीही आवडीनं जोपासलं. सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार घेतली तर 1820 मिश्रणं होतात, हे गणित त्यात आहे. शाळेत आपण कॉम्बिनेशन्सची गणितं चेंडू आणि पत्त्यांवर शिकलो, अत्तरांवर शिकवली असती तर वर्गात झोप तरी आली नसती. गंगाधर नावाच्या लेखकाचा 'गंधसार' हा ग्रंथ तर संपूर्णपणे याच विषयावर आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाचा आणि एकूणच भारतीय सुगंधशास्त्राच्या इतिहासाचा अभ्यास करून लेख लिहिले.

एवढं मागं जायलाही नको. आपल्या लहानपणची लग्नं आठवा. मांडवाच्या दारात कुणीतरी गुलाबदाणी घेऊन उभं असायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताच्या पाठीवर अत्तराचं बोट ओढलं जायचं. पाहुणा पुरुष आहे की बाई, हे बघून अत्तर बदलत नसे. एकच अत्तरदाणी, तोच गुलाब, तोच हिना. जुनी रसिक मंडळी कानाच्या पाळीत मोगऱ्याचा फाया खोचून मैफलीला जात. ताप आला की कपाळावर ज्याच्या पट्ट्या ठेवायचे ते कोलन वॉटर आठवतंय? जर्मनीतल्या कोलोन शहरात 1709 साली फरीना घराण्यानं त्याचा व्यवसाय सुरू केला. ते स्त्रिया वापरत आणि पुरुषही. खुद्द नेपोलियन कोलनचा शौकीन होता आणि तो ते बाटल्याच्या बाटल्या संपवायचा. त्याला कुणी बायकी म्हटल्याची नोंद माझ्या वाचनात नाही!

2014 मध्ये कामानिमित्त मी सहा महिने दुबईत होतो. आमच्या प्रकल्पाचा प्रमुख उंचापुरा, दाढीवाला, करड्या आवाजाचा स्थानिक गृहस्थ. तो खोलीत यायच्या आधी गुलाब आणि ऊद यांचा दरवळ यायचा. तिथं घरी पाहुणे आले की निखाऱ्यावर सुगंधी लाकूड टाकून धुपाटणं फिरवतात आणि पुरुषही आपल्या कपड्यांना धुरी देऊन घेतात. न्यू जर्सीच्या मॉलमध्ये गुलाबाचं अत्तर बहुतेक वेळा स्त्रियांच्या शेल्फवर सापडतं. वास तोच, रेणू तेच. विमानानं बारा-तेरा तासांचा प्रवास केला की त्याचं लिंग बदलतं.

शेल्फ हीच या प्रकरणाची मेख आहे. दोन शेल्फं केली की नवरा-बायकोला दोन बाटल्या विकता येतात. 1994 मध्ये 'सीके वन' आलं आणि एकच बाटली दोघांनी वापरायची ही गोष्ट अमेरिकेत मोठी क्रांती म्हणून गाजली. आपल्या मांडवातला अत्तरदाणीवाला ते ऐकून नुसता हसला असता. आणखी एक मजा सांगतो. 'बक्कारा रूज' करणाऱ्या त्याच कुर्कजियाननं 1995 मध्ये 'ल माल' नावाचा परफ्यूम केला होता. नावाचा अर्थच 'नर', आणि बाटली पिळदार पुरुषी धडाच्या आकाराची. आत काय? पुदिना, लव्हेंडर आणि भरपूर व्हॅनिला. म्हणजे गोडवा आहेच, फक्त बाटलीला छाती आहे.

इथवरचा विचार डोक्यातल्या डोक्यात ठेवता आला असता. पण आमचा सोळा वर्षांचा मुलगा सुट्टीतल्या कामाचे पैसे साठवून एक गोड, फुलांच्या वासाचा परफ्यूम घेऊन आला. वर सांगितलेला महागडा नव्हे, त्याच धर्तीचा, त्याच्या खिशाला परवडणारा. तो लावून तो गणेशोत्सवाला आला. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका ओळखीच्या गृहस्थांनी त्याच्या पाठीवर थाप मारून विचारलं, "काय रे, आईचा सेंट मारून आलास का? जरा बायकी वाटतोय!" आजूबाजूचे चारजण हसले. गृहस्थ मनानं वाईट नाहीत, उलट मंडळाच्या कामाला पहिले धावून येणारे. पण त्यानंतर दोन आठवडे बाटली ड्रॉवरमध्येच पडून राहिली.

मी त्या एका शब्दाचा बराच विचार केला. 'बायकी' हा टोमणा का होतो? आमच्या शेजारची मुलगी पुरुषांच्या शेल्फवरचा परफ्यूम वापरते, तिला कुणी हसत नाही. उलट 'डॅशिंग आहे हो पोरगी' म्हणतात. मुलीनं मुलाचं काही घेतलं तर ती बढती, मुलानं मुलीचं काही घेतलं तर ती पदावनती. म्हणजे हसणाऱ्याच्या मनात एक शिडी आहे आणि तिच्यावर बाईची पायरी खालची आहे. त्या रांगेत जशी मुलाची थट्टा झाली, तशीच प्रसाद वाढणाऱ्या सगळ्या बायकांचीही झाली. फक्त त्यांच्या ते लक्षात आलं नाही, कारण आपल्या कानांना त्याची सवय झालेली आहे.

मुलाशी बोलताना मी त्याला 'बिनधास्त लाव' असा उपदेश केला नाही. सोळाव्या वर्षी बापाच्या परवानगीनं केलेल्या बंडात काय मजा? मी त्याला नेपोलियन आणि दुबईचा प्रकल्प-प्रमुख यांची गोष्ट सांगितली आणि एवढंच म्हटलं, की लोक हसले म्हणून लावू नये आणि लोक हसले म्हणून मुद्दाम लावूही नये. दोन्ही वेळा बाटलीचं झाकण दुसऱ्याच्या हातात असतं.

बाटली पुन्हा बाहेर आली ती मात्र माझ्या आईमुळे. आई दर दोन वर्षांनी आमच्याकडे चार-पाच महिने येते. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तिनं गजरा माळलेला नाही, हळदीकुंकवाला बोलावलं तरी ती 'मुलांकडे बघायला कुणीतरी हवं' म्हणून घरी थांबते. कुणी तिच्यावर सक्ती केलेली नाही. आम्ही सगळ्यांनी 'आई, आता कोण मानतं?' असं शंभर वेळा म्हणून झालं. तिचं उत्तर ठरलेलं, "मला शोभत नाही रे."

एका दुपारी नातवाच्या खोलीत कपडे ठेवायला गेली असताना तिला तो वास आला. तिनं विचारलं, "मोगरा आहे का रे यात?" त्यानं बाटली दाखवली. "हे बायकांचं की पुरुषांचं?" "कुणाचंच नाही आजी. ज्याला हवं त्याचं." ती जरा थांबली आणि मनगट पुढं केलं. संध्याकाळी मी घरी आलो तर दोघंही एकाच वासाची, पत्ते खेळत बसलेली.

आमच्या शंभर वेळच्या समजावण्यानं जे झालं नाही ते कशानं झालं? माझं उत्तर असं आहे. आम्ही तिला ती जुनी चौकट मोडायला सांगत होतो, आणि आयुष्यभर नियम पाळलेल्या माणसाला मोडणं हे अपराधासारखं वाटतं. या बाटलीला चौकटच नव्हती. 'सवाष्णीचं', 'बायकांचं', 'तरुणांचं' असा कुठलाच शिक्का नव्हता, त्यामुळे मोडण्यासारखंही काही नव्हतं. 'युनिसेक्स' हा शब्द बाजारानं माल खपवायला काढला असेल, पण आमच्या घरात त्यानं एका बाईला अकरा वर्षांनी मोगरा दिला.

मग जाणवलं की मुलाला आणि आजीला अडवणारा शब्द एकच होता. 'तुला शोभत नाही.' एकाला तो चेष्टेत सांगितला गेला, दुसरीनं तो स्वतःलाच सांगितला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं इतर ग्रामपंचायतींपुढं तो आदर्श ठेवणारं परिपत्रक काढलं. एका खेड्याला जे ठराव करून करावंसं वाटलं, ते सातासमुद्रापार आपल्या हॉलमध्ये हळदीकुंकवाचं निमंत्रण लिहिताना आपल्याला सुचायला काय हरकत आहे?

आता कुणी म्हणेल, म्हणजे ज्याला जे हवं ते त्यानं लावावं, झालं! इथं मी थोडा थांबतो. परफ्यूम हा असा दागिना आहे की जो घालणाऱ्यालाच सगळ्यात कमी कळतो. अंगठी आपल्याला दिवसभर दिसते. वासाचं तसं नाही. एकच वास सतत येत राहिला की थोड्याच वेळात आपलं नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून काहीजण 'उडाला वाटतं' म्हणून पुन्हा पुन्हा फवारे मारत राहतात आणि लिफ्टमधल्या इतरांचे श्वास कोंडतात. त्यात प्रत्येकाचं नाक वेगळं. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांना 2004 चं नोबेल पारितोषिक मिळालं ते घ्राणेंद्रियातल्या ग्राहकांच्या संशोधनासाठी. माणसात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक काम करतात, आणि व्यक्तीगणिक त्यांत फरक असतो. अँड्रोस्टिनोन नावाचं एक रसायन काहींना घामासारखं घाण वाटतं, काहींना व्हॅनिलासारखं गोड, आणि काहींना त्याचा वासच येत नाही. मला जो सुगंध, तो शेजाऱ्याला डोकेदुखी असू शकतो.

अमेरिकेत यावरून खटलेही झाले आहेत. डेट्रॉइट शहराच्या एका कर्मचारी महिलेला सहकारिणीच्या परफ्यूमचा त्रास होत होता, ते प्रकरण 2010 मध्ये शहरानं एक लाख डॉलर देऊन मिटवलं. अनेक कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत आता सुगंध न लावण्याची विनंती केलेली असते आणि ती रास्त आहे. दम्याच्या माणसाला खिडकी उघडायला सांगून भागत नाही.

पण 'मला त्रास होतो' आणि 'मला ते आवडत नाही' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. हा फरक आपल्याइतका कुणाला समजावा? फोडणी देण्याआधी बेडरूमची दारं लावणारे, कोट कपाटात बंद करणारे, बांगडे तळायचे तर उन्हाळ्यात आणि तेही बॅकयार्डात असा नियम करणारे आपणच ना? 'तुमच्या घराला वास येतो' हे वाक्य आपल्या मुलांनी शाळेत ऐकलेलं आहे. त्यात कुणाच्या फुप्फुसाला इजा नव्हती, फक्त 'तुम्ही वेगळे' एवढंच सांगायचं होतं. वासावरून माणूस जोखला जाण्याचं दुःख ज्यांनी सोसलं, त्यांनी प्रसादाच्या रांगेत तोच मापदंड दुसऱ्याला लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझ्यापुरता मी दोन ओळींचा नियम केला आहे. दुसऱ्याच्या श्वासाला इजा होत असेल तर माझी आवड मागं घ्यायची. दुसऱ्याच्या फक्त कल्पनेला धक्का बसत असेल तर नाही घ्यायची. आणि उलट बाजूनं, मला धक्का बसला तर आधी तपासायचं की तो नाकाला बसला की समजुतीला.

गोड, फुलांच्या वासाचा परफ्यूम कुठल्या व्यक्तिमत्त्वाला शोभतो, याचं उत्तर मला आता असं दिसतं. आपला परफ्यूम जसा थोड्या वेळानं आपल्यालाच येईनासा होतो, तसा आपला स्वभावही आपल्याला स्वतःला फारसा जाणवत नाही, तो भोवतालच्यांना जाणवतो. तेव्हा सोळा वर्षांचा मुलगा असो की पंच्याहत्तरीची आजी, करड्या आवाजाचा साहेब असो की शेजारची डॅशिंग मुलगी, फवारा मारताना जो बाजूच्या माणसाची आठवण ठेवतो आणि बाजूच्या माणसानं काय लावावं यात नाक खुपसत नाही, त्याला कुठलाही सुगंध शोभतो.

पुढच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू आहे. दारात आईची जुनी अत्तरदाणी ठेवायची असं ठरलं आहे. येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला अत्तर लावायचं काम आजी आणि नातवानं वाटून घेतलं आहे. निमंत्रण सगळ्यांना आहे, सेंटची थट्टा करणाऱ्या त्या गृहस्थांनाही. त्यांच्यासाठी मोगरा राखून ठेवला आहे.